बाथरूममधील दुर्गंधी आणि गुडगुड आवाज: नूतनीकरणात नेमके काय बदलावे?

प्रश्न: घोडबंदर_सातवा_मजला

नमस्कार. आम्ही ठाण्यात कासारवडवली परिसरातील एका बावीस मजली इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो. घरात दोन बाथरूम आहेत. पाहुण्यांसाठी ठेवलेले बाथरूम फारसे वापरात नसते आणि काही महिन्यांपासून तेथे गटारासारखा वास येतो. एक्झॉस्ट पंखा लावला की वास कमी होण्याऐवजी वाढतो, हे मला विशेष कोड्यात टाकणारे आहे. रोजच्या वापरातील बाथरूममध्ये एवढा वास नसतो, परंतु वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की नहाणीच्या जाळीखालून गुडगुड आवाज येतो आणि त्यानंतर थोडा वेळ तेथेही वास जाणवतो. शिवाय बेसिनच्या नळाला पाणी इतक्या जोराने येते की समोर उभे राहणाऱ्याच्या अंगावर उडते.

दिवाळीपूर्वी दोन्ही बाथरूमचे काम करून घ्यावे असा आमचा विचार आहे. ठेकेदाराने येऊन पाहणी केली आणि फिटिंग जुनी झाली आहेत, सगळी बदलली की वास आपोआप जाईल, असे सांगून लांबलचक यादी हाती दिली. त्यात नवे कमोड, भिंतीत लपणारी फ्लश टाकी, सिंगल लिव्हर मिक्सर, छताचा शॉवर आणि नवा गिझर आहे, पण नहाणीविषयी मात्र ‘जाळी बदलणे’ एवढीच नोंद आहे. यांपैकी कोणती वस्तू कोणते काम करते आणि आमच्या तक्रारींशी नेमका कशाचा संबंध आहे, हे समजल्याशिवाय खर्च करू नये असे वाटते. माझ्या आईचे घर नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत आहे आणि तेथील जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइपही यथावकाश बदलायचे आहेत, त्यामुळे त्याविषयीही कोणी लिहिले तर उपकार होतील.

उत्तर १: निचरा_पर्यवेक्षक_निवृत्त

ताई, आपण प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इमारतींच्या सांडपाण्याची कामे करून घेण्यात माझ्या नोकरीची सारी वर्षे गेली आणि आपल्या ठेकेदाराची यादी वाचून मला काळजी वाटली, कारण यादीतली एकही वस्तू आपल्या दुर्गंधीशी थेट संबंधित नाही. वास अडवण्याचे काम करतो तो ट्रॅप, आणि त्याचा उल्लेख यादीत जवळजवळ नाहीच.

ट्रॅप म्हणजे सांडपाण्याच्या वाटेवर मुद्दाम दिलेला बाक. पाणी वाहून गेल्यावरही त्या बाकात थोडे पाणी अडून राहते आणि तेच पाणी पाइपातील दूषित वायू, झुरळे आणि किडे घरात येण्यापासून अडवते. या पाण्याला वॉटर सील म्हणतात आणि त्याची खोली साधारणपणे निदान ५० मिलिमीटर असावी लागते. लंडनमध्ये घड्याळे बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली शौचकूपाच्या पेटंटात एस आकाराचा असा बाक दाखवला. त्यानंतर साहित्य बदलले, आकार बदलले, पण तत्त्व तेच राहिले. कमोडचा ट्रॅप त्याच्या चिनी मातीतच घडवलेला असतो, बेसिनखाली बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप असतो, नहाणीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो आणि जुन्या इमारतींत तळमजल्याबाहेरच्या चेंबरमध्ये गली ट्रॅप असतो.

आता आपल्या पाहुण्यांच्या बाथरूमविषयी. वापर नसला की सीलमधले पाणी वाफ होऊन हळूहळू आटते. पातळी बाकाच्या खाली गेली की घर आणि मलवाहिनी यांच्यामध्ये काहीच अडसर उरत नाही. दार लावून पंखा सुरू केला की आतली हवा बाहेर फेकली जाते आणि तिची जागा घेणारी हवा सर्वांत सोप्या वाटेने, म्हणजे त्या कोरड्या ट्रॅपमधून, आत ओढली जाते. पंख्याने वास वाढतो त्याचे कारण हेच. ही गोष्ट केवळ नाकाला त्रास देऊन थांबत नाही. २००३ साली हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत ३०० हून अधिक रहिवाशांना सार्सची लागण झाली. तेथील तपासात बाथरूमच्या जमिनीवरील कोरडे पडलेले ट्रॅप आणि त्यांतून दूषित तुषार आत ओढणारे एक्झॉस्ट पंखे हे प्रसाराचे एक महत्त्वाचे कारण मानले गेले. म्हणून मी प्रत्येक घरी आवर्जून सांगतो की न वापरल्या जाणाऱ्या नहाणीत आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता. गावी जाताना पाणी ओतल्यावर वरून दोन चमचे खाद्यतेल सोडले तर त्याचा थर पाण्यावर पसरतो आणि बाष्पीभवन बरेच मंदावते.

दुसऱ्या बाथरूमचे कारण वेगळे असावे. जाळी काढा, विजेरीने आत पाहा आणि वरच्या घरातल्यांना फ्लश करायला सांगा. काळसर स्थिर पाणी दिसेल, त्यात केस आणि साबणाचा साका अडकलेला असेल, आणि फ्लश होताच ते पाणी थरथरेल, एकदम खाली ओढले जाईल किंवा त्यातून बुडबुडे वर येतील. उभ्या पाइपातून पाण्याचा लोट खाली येतो तेव्हा तो पुढची हवा दाबतो आणि मागे पोकळी निर्माण करतो. या दाबाचा समतोल राखण्यासाठी मलवाहिनीला व्हेंट पाइप जोडलेला असतो आणि त्याचे तोंड गच्चीवर उघडे असते. ती हवेची वाट कुठे बंद झाली असेल तर पाइप स्वतःला लागणारी हवा आपल्या नहाणीतून घेतो, आणि तसे करताना सीलमधले पाणीही ओढून नेतो. आपण ऐकता तो गुडगुड आवाज सीलमधून जाणाऱ्या हवेचा आहे. अशा वेळी आपल्या घरातील सर्व फिटिंग बदलली तरी आवाज आणि वास दोन्ही राहतील, कारण दोष घराबाहेर आहे.

आणखी एक गोष्ट अवश्य तपासा. काही नहाणींच्या जाळीखाली एक सुटी वाटी उलटी बसवलेली असते आणि सील तिच्याचमुळे तयार होते. पाणी तुंबते म्हणून साफसफाई करताना ती काढून बाजूला ठेवतात आणि पुन्हा बसवली जात नाही. ती काढल्यावर पाणी झपाट्याने जाते हे खरे, पण सीलही नाहीसे होते. नूतनीकरणात पुरेशा खोलीचा अखंड ट्रॅप बसवून घ्यावा आणि जाळी सहज निघेल अशी ठेवावी, म्हणजे कोणालाही वाटी काढून टाकावीशी वाटणार नाही.

उत्तर २: सानपाडा_सोसायटी_सचिव

वरील उत्तर अगदी योग्य आहे आणि त्यातील व्हेंट पाइपचा मुद्दा मी सोसायटीच्या बाजूने पुढे नेतो. गच्चीवर गेल्यावर भिंतीलगत वर आलेले आणि डोक्यावर टोपी असलेले पाइप दिसतात. त्यांच्याजवळ वास येतो, आणि वास यायलाच हवा, कारण घरात येऊ नये म्हणून तो तेथे सोडलेला असतो. परंतु गच्चीवर वॉटरप्रूफिंग, पत्र्याची शेड किंवा सौर बंब बसवण्याचे काम निघाले की कामगार मलबा आत पडू नये म्हणून पाइपाच्या तोंडावर गोणपाट किंवा प्लास्टिक बांधतात आणि काम संपल्यावर ते तसेच राहते. काही इमारतींत तर वासाची तक्रार आली म्हणून पाइपाला कायमचे बूच मारलेले मी पाहिले आहे. एका तोंडाला बूच बसले की त्या रांगेतील सगळ्या मजल्यांवर गुडगुड सुरू होते आणि प्रत्येक जण आपापल्या घरात खर्च करत बसतो. म्हणून ताई, आपण आधी व्यवस्थापकांना घेऊन गच्चीवर जा. ठेकेदाराला आगाऊ रक्कम त्यानंतर द्या.

नेरूळच्या घराविषयी थोडे लिहितो, कारण आमच्या भागातील जुन्या इमारती त्याच घडणीच्या आहेत. तेथे बहुधा दोन वेगळ्या वाहिन्या असतात. संडासाची मलवाहिनी थेट चेंबरला मिळते, तर मोरी, बाथरूम आणि बेसिन यांचे सांडपाणी दुसऱ्या पाइपाने खाली येऊन गली ट्रॅपमधून चेंबरमध्ये जाते. नव्या मनोऱ्यांत अनेकदा दोन्हींसाठी एकच वाहिनी असते, आणि म्हणून तेथे प्रत्येक ट्रॅपचे सील अधिक जपावे लागते. आईच्या घरात कोणी हौशी कारागीर बाथरूमचे पाणी सोयीसाठी मलवाहिनीत सोडू पाहत असेल तर त्याला ठाम नकार द्या.

पावसाळ्याचा मुद्दाही येथेच मांडतो. नवी मुंबईचा मोठा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसला आहे आणि भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवण्यासाठी सिडकोने धारण तलाव केले आहेत. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की रस्त्यावर पाणी साचते, ते चेंबरच्या झाकणांतून मलवाहिनीत शिरते आणि तळमजल्यावरील कमोडमध्ये बुडबुडे येऊ लागतात. अशा इमारतींनी चेंबरची झाकणे घट्ट बसवावीत, गच्चीच्या पावसाळी पाइपाचे पाणी मलवाहिनीच्या चेंबरमध्ये सोडू नये आणि मे महिन्यातच गली ट्रॅप उपसून स्वच्छ करून घ्यावेत. तळमजल्याच्या जोडणीवर पाणी उलटे येऊ न देणारा झडपेचा व्हॉल्व्ह बसवता येतो, मात्र त्याची नियमित सफाई झाली नाही तर झडप कचऱ्याने अडकून उघडीच राहते.

उत्तर ३: दाब_आणि_झडप

निचऱ्याची बाजू वरच्या दोघांनी उत्तम मांडली आहे, म्हणून मी येणाऱ्या पाण्याकडे वळतो. गच्चीवरील टाकीतून पाणी खाली येताना दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब वाढतो. आपण बावीस मजल्यांपैकी सातव्यावर आहात, म्हणजे टाकीपासून सुमारे पंधरा मजले खाली. एका मजल्याची उंची तीन मीटर धरली तर स्थिर पाण्याचा दाब साडेचार बारच्या आसपास येतो, ज्याला प्लंबर साडेचार किलो म्हणतात. घरगुती नळांना एक ते तीन बार पुरेसे असतात. म्हणूनच उंच इमारतींत पाइपांच्या डक्टमध्ये काही मजल्यांच्या गटासाठी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, बसवतात. आपल्या रांगेतील पीआरव्ही बिघडला असण्याची किंवा त्याची जुळणी बदलली गेली असण्याची शक्यता आहे, आणि त्याच्याजवळ दाबमापक असल्यास पाहताक्षणी समजेल. अँगल कॉक अर्धवट बंद करून धार कमी दिसते, पण नळ बंद असताना पाइपांवरचा दाब तेवढाच राहतो आणि लवचिक जोडनळ्या, वायसर आणि गिझरची टाकी तो सोसत राहतात. अँगल कॉकचे खरे काम एखादी वस्तू दुरुस्त करताना तेवढ्यापुरते पाणी तोडणे हे आहे, आणि म्हणून तो प्रत्येक बेसिन, फ्लश टाकी व गिझरपाशी हात पोहोचेल अशा जागी असलाच पाहिजे.

गिझरविषयी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. पाणी तापले की फुगते, आणि थंड पाण्याच्या जोडणीवरील सुरक्षा व्हॉल्व्ह तो वाढलेला दाब थेंबांच्या रूपाने बाहेर सोडतो. ही गळती समजून काही जण त्या व्हॉल्व्हचे तोंड बंद करतात. असे कधीही करू देऊ नका, कारण बंद टाकीत दाब वाढत गेला तर ती फुटू शकते. त्या तोंडाला एक बारीक नळी जोडून ती नहाणीकडे सोडावी.

ठाण्यात शटडाऊनच्या, म्हणजे पाणीपुरवठा बंद असण्याच्या, दिवशी टाकी रिकामी होते आणि त्या वेळी एक धोका असतो, ज्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. पिंपात बुडवून ठेवलेली रबरी नळी किंवा कमोडमध्ये लोंबणारा जेट चालू अवस्थेत राहिला आणि खालच्या मजल्यावर कोणी नळ उघडला, तर पाइपात पोकळी निर्माण होऊन ते मळके पाणी उलटे पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत ओढले जाऊ शकते. नळाचे तोंड नेहमी बादलीच्या किंवा बेसिनच्या काठापेक्षा वर राहिले पाहिजे, आणि जेट वापरून झाल्यावर त्याचा अँगल कॉक बंद करावा. गच्चीवर टाकीपासून निघणाऱ्या उतरत्या पाइपांना वर हवेचा पाइप जोडलेला असतो, तोही हीच पोकळी टाळण्यासाठी. तो स्वच्छ पाण्याच्या बाजूचा असल्याने व्हेंट पाइपपेक्षा वेगळा आहे, पण दोन्ही उघडे राहायला हवेत.

कमोड घेताना त्याचा निकास जमिनीत आहे की भिंतीत, हे आधी पाहा. जमिनीतील निकासाला एस ट्रॅप आणि भिंतीतील निकासाला पी ट्रॅप लागतो. एस ट्रॅपमध्ये भिंतीपासून निकासाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून त्याच मापाचे कमोड घ्यावे, आणि भिंतीवर नवी टाइल चढणार असेल तर तिची जाडी त्या मापातून वजा करावी. भिंतीत लपणारी फ्लश टाकी देखणी दिसते, परंतु तिच्या बटणांच्या पट्टीतून आतला बॉल कॉक (टाकी भरल्यावर पाणी थांबवणारा) आणि फ्लश व्हॉल्व्ह (पाणी कमोडमध्ये सोडणारा) काढता येतात याची खात्री दुकानातच करून घ्या. फ्लश व्हॉल्व्हचा रबरी वायसर झिजला की पाणी आवाज न करता कमोडमध्ये झिरपत राहते. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नका, आणि कमोडमध्ये रंग उतरला तर वायसर बदला. दोन बटणांच्या टाकीत लहान बटणाला सुमारे तीन व मोठ्याला सहा लिटर पाणी लागते, तर जुन्या टाक्या दर वेळी दहा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी ओततात. घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचे प्रचलित प्रमाण लक्षात घेतले, तर हा बदल मात्र खरोखर करण्याजोगा आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: घोडबंदर_सातवा_मजला

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सचिव महोदयांच्या सांगण्यावरून आम्ही व्यवस्थापकांसह गच्चीवर गेलो. आमच्या रांगेच्या व्हेंट पाइपाचे तोंड जाड प्लास्टिकने बांधलेले होते आणि त्यावर सिमेंटचा थर वाळला होता. वॉटरप्रूफिंगच्या वेळी ते झाले असावे. तोंड मोकळे केल्यावर त्याच सायंकाळी आम्ही जाळी काढून पाहिले, तेव्हा वरच्यांनी फ्लश केल्यावर पाणी किंचित हलले, पण खाली ओढले गेले नाही आणि आवाजही आला नाही. नववा व अकरावा मजला यांनीही आवाज थांबल्याचे कळवले. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतल्यावर वास बराचसा गेला, परंतु बेसिनखाली अजूनही मंद वास येतो. तेथील घड्या असलेली, वाकणारी प्लास्टिकची नळी जमिनीतील भोकात नुसतीच खोचलेली आहे. तसेच आईकडे जीआय पाइपांऐवजी कोणते पाइप घालावेत?

उत्तर ४: निचरा_पर्यवेक्षक_निवृत्त

ताई, आपण तपासणी करून निकाल येथे लिहिला, याचे फार समाधान वाटले, कारण त्यामुळे आपल्या रांगेतील इतर घरांचाही खर्च वाचला. बेसिनची नळी जेथे खोचली आहे तेथे नळी आणि भोक यांच्यामध्ये फट राहते आणि वास त्या फटीतून येतो. नळीचे पाणी पुढे नहाणी ट्रॅपमध्येच जात असेल तर फट रबरी कड्याने घट्ट बंद करणे पुरेसे आहे. ते थेट उभ्या वाहिनीत जात असेल तर मात्र बेसिनखाली बॉटल ट्रॅप घालणे अनिवार्य आहे. ओळखण्यासाठी बेसिनमध्ये पाणी सोडा आणि नहाणीच्या जाळीखाली ते येताना दिसते का ते पाहा. घड्यांच्या नळीला हाताने बाक देऊन ट्रॅप केल्याचा देखावा करतात, तो स्वीकारू नका, कारण घड्यांत साका साठतो आणि नळी जराशी सरकली तरी बाक सुटतो.

आईच्या घरी जीआय पाइप आतून गंजून अरुंद झाले असतील आणि सकाळी पहिले पाणी तांबूस येत असेल, तर ते बदलावेतच. प्लास्टिकच्या पाइपांपैकी गरम आणि थंड दोन्ही पाण्यासाठी सीपीव्हीसी चालतो, यूपीव्हीसी मात्र गिझरच्या गरम पाण्यासाठी वापरू नये. नळ जेथे बसणार तेथे पितळी आटे असलेले सांधे घ्यावेत आणि टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळून जोड बेताने आवळावा, कारण अति आवळल्याने प्लास्टिकच्या सांध्याला चीर जाते व ती टाइल लागल्यानंतर उघड होते. सोल्व्हंट (पाइप चिकटवण्याचे द्रावण) लावलेले जोड पूर्ण वाळू द्यावेत आणि भिंत बुजवण्यापूर्वी पाइपांना दाब देऊन चाचणी करून घ्यावी.

उत्तर ५: सानपाडा_सोसायटी_सचिव

केवळ एक पुरवणी. दोन्ही घरी काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीला लेखी कळवावे आणि खालच्या घराच्या छताची छायाचित्रे त्यांच्यासमक्ष काढून ठेवावीत. नहाणी ट्रॅप बदलताना बाथरूमच्या खोलगट भागातील वॉटरप्रूफिंग तुटतेच, त्यामुळे ते नव्याने झाल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून तेथे निदान दोन दिवस पाणी तुंबवून ठेवण्याची अट ठेकेदाराच्या कागदावर लिहून घ्या. खालच्या घरी ओल उतरली नाही, हे त्यांच्याकडून कळल्यावरच टाइल लावण्यास परवानगी द्या.